अंथरुणावरून सिनेमा, खिडकीतून निसर्ग : दीर्घ आजारात पाहण्याची सुरुवात कशी करावी

मला रूमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजवणारा दीर्घ आजार, होऊन अकरा वर्षं झाली. सकाळी बोटं उघडायला तासभर जातो, दुपारनंतर जरा बरं वाटतं आणि मध्येच कधीतरी दुखणं उफाळून आलं की आठ-पंधरा दिवस अंथरूण धरावं लागतं. निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी औषधं समजावली, व्यायाम समजावला, रक्ततपासण्यांचं वेळापत्रक हातात दिलं. पण गोळ्या घेऊन झाल्यावर उरलेल्या दिवसाचं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. आणि तो दिवस फार मोठा असतो.

सिनेमा पाहणं आणि किडा-मुंगी-पान-ढग न्याहाळत बसणं, हे माझे दोन आनंद आजाराच्या आधीपासूनचे. पहिल्या दोन वर्षांत दोन्ही जवळजवळ सुटले, कारण मी ते आजारी नसल्यासारखेच करू पाहत होते. सलग तीन तास थिएटरात बसायचं, पहाटे उठून पक्षी बघायला जायचं आणि मग दोन दिवस पाठ टेकून पडायचं. पुढे हळूहळू दुसरी पद्धत सापडली. नुकतंच निदान झालेल्यांसाठी ती इथे क्रमाने लिहिते आहे. आजार वेगळा असला तरी बरंचसं लागू पडेल. जिथे औषधाचा किंवा धोक्याचा प्रश्न येतो, तिथे मात्र तुमच्या डॉक्टरांचंच ऐका.

जवळ ठेवायचं सामान

- फोन किंवा टॅबलेटसाठी वाकवता येणारा स्टँड. हातात धरून सिनेमा बघू नका. मनगट आणि मान दोन्ही दुसऱ्या दिवशी बोलतात.
- दोन जादा उशा : एक गुडघ्यांखाली, एक कोपराखाली.
- वही आणि जाड पेन्सिल. बोटं दुखत असतील तर बारीक पेन पकडवत नाही.
- वजनाला हलके हेडफोन.
- दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग.
- गजर. फोनचाही चालेल, पण तो हाताच्या अंतरावर हवा.
- जमल्यास दुर्बीण. तिच्यावरचा पहिला आकडा ती किती पट जवळ आणते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. सगळे ८×४२ घ्यायला सांगतात, पण ती साधारण सहाशे-सातशे ग्रॅमची असते. दुखऱ्या मनगटांना ८×२५ बरी. तिचं वजन निम्म्याच्या आसपास भरतं.

१. आधी दहा दिवस स्वतःची नोंद ठेवा

सकाळ, दुपार, रात्र असे तीन आकडे लिहा : थकवा किती, दुखणं किती, डोकं किती चालतंय. शून्य ते दहा. कारणं, भावना काही लिहू नका, नाहीतर तिसऱ्या दिवशी वही बंद होते.

मी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे माझ्या आजारावरचं औषध घेते. नोंदी पाहिल्यावर कळलं की गोळीच्या दुसऱ्या दिवशी माझं डोकं कापसासारखं होतं. मी मात्र नेमका त्याच दिवशी मोठा सिनेमा लावायची, कारण तो सुट्टीचा दिवस.

इथला मोठा सापळा म्हणजे उशिरा येणारा थकवा. काही आजारांत, विशेषतः एमई-सीएफएस या दीर्घ थकव्याच्या आजारात, श्रमाचा परिणाम त्याच वेळी न दिसता १२ ते ४८ तासांनी दिसू शकतो. आणि श्रम म्हणजे फक्त चालणं नव्हे. लक्ष देऊन बघणं, रडणं, गर्दीचा आवाज सोसणं हेही श्रमच. म्हणून सिनेमा पाहिल्यावर ‘आत्ता कसं वाटतंय’ एवढ्यावर थांबू नका, पुढचे दोन दिवसही आकडे लिहा.

२. सिनेमाची लांबी दुय्यम, भार आधी बघा

सव्वा तासाचा सिनेमा तीन तासांच्या सिनेमापेक्षा जास्त थकवू शकतो. भार वाढवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत : खूप पात्रं, मागेपुढे उड्या मारणारा काळ, सेकंदा-सेकंदाला बदलणारी दृश्यं, अचानक मोठा होणारा आवाज, आणि अनोळखी भाषा, कारण मग दोन तास वाचत बसावं लागतं. मी यादीतल्या प्रत्येक सिनेमापुढे जड, मध्यम किंवा हलका असं लिहून ठेवते.

सगळ्यात वाईट दिवशी आधी पाहिलेलाच सिनेमा लावावा. पुढे काय होणार हे माहीत असतं, म्हणून डोक्याला धागा धरून ठेवावा लागत नाही. मग कधीच न दिसलेल्या गोष्टी दिसू लागतात : मागच्या खिडकीतला उजेड, बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा चेहरा. एक सिनेमा मी या अकरा वर्षांत चौदा वेळा पाहिला आहे आणि आता मला तो एखाद्या ओळखीच्या वाटेसारखा वाटतो.

आजारावरच्या सिनेमांबद्दल सावध राहा. फार वेळा त्यातलं आजारी माणूस शेवटी मरण्यासाठी आणि धडधाकट नायकाला शहाणं करण्यासाठीच आणलेलं असतं. नुकतंच निदान झालेलं असताना ते बघणं क्लेशाचं होतं. कुणी कौतुकाने सुचवला, तरी शेवट आधी विचारून घ्या.

३. तुकडे करा, अपराधी वाटू देऊ नका

‘सिनेमा सलगच बघावा’ हा नियम मला फार वर्षं जाचला. मग एक जुनी गोष्ट कळली. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी मावतात आणि सेकंदाला २४ चौकटी सरकतात. म्हणजे हजार फुटांचं रीळ जेमतेम ११ मिनिटं चालतं. सिनेमा प्रोजेक्टरच्या खोलीत तुकड्यांतच येत होता, सलग दिसायचा तो फक्त आपल्याला. तेव्हापासून मी वीस-वीस मिनिटांची ‘रिळं’ करून बघते.

गजर वाजला की थांबा. ‘एवढा प्रसंग संपू दे’ हा इथला सापळा आहे, कारण प्रसंग संपतो तोच मुळी पुढच्याची ओढ लावून. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोयही सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. थांबताना वहीत एक ओळ लिहा : कोण कुणावर चिडलंय, पत्र कुणाकडे आहे. चार दिवसांनी परत येताना ती ओळ पुरते.

मधुमेह असेल तर खाण्याची आणि तपासणीची वेळ सिनेमाच्या नादात चुकवू नका. प्रत्येक रिळानंतर पाय हलवा, जमलं तर उभे राहा.

४. पडदा, उजेड, आवाज

खोली पूर्ण काळोखी करू नका. पडद्यामागे किंवा बाजूला मंद दिवा ठेवला की डोळ्यांवरचा ताण कमी होतो. हातात धरून हलवलेल्या कॅमेऱ्याने मळमळत असेल तर पडदा लहान करा किंवा लांब बसा, म्हणजे आजूबाजूची स्थिर भिंत नजरेत राहते. अनेक टीव्हींत कुजबुज आणि स्फोट यांतलं अंतर कमी करणारा रात्रीचा आवाज-मोड असतो, तो सुरू करा. भाषा येत असली तरी सबटायटल्स चालू ठेवा. धुकाळलेल्या डोक्याला चुकलेला शब्द मागे जाऊन शोधावा लागत नाही.

प्रकाशाच्या लपलपाटाने फिट येणाऱ्यांनी इथे विशेष काळजी घ्यावी. १९९७ साली जपानमध्ये एका कार्टून मालिकेतल्या लाल-निळ्या लखलखाटाने शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. पडद्यावर सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट होऊ नये, असा संकेत आता पाळला जातो, पण सगळे सिनेमे तो पाळत नाहीत. असं दृश्य अचानक आलं तर नुसते डोळे मिटू नका, पापण्यांतून लखलखाट आत येतच राहतो. एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि मान वळवा.

डोळे उघडे ठेवणंच नको वाटतं, त्या दिवसांसाठी ऑडिओ डिस्क्रिप्शन शोधा. दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी केलेली ही सोय आहे : संवादांच्या मधल्या जागेत एक आवाज पडद्यावर काय चाललंय ते सांगतो. मी अर्धशिशीच्या दिवसांत अनेक सिनेमे असे कानांनी पाहिले आहेत.

५. थिएटरला जायचं असेल तर

थोडक्यात सांगते. आठवड्याच्या मधला, दिवसाचा खेळ निवडा. मार्गालगतची, मागची खुर्ची घ्या. व्हीलचेअर असेल तर ‘जागा आहे का’ एवढंच न विचारता ‘कुठल्या रांगेत आहे’ ते फोनवर विचारा, कारण बरेचदा ती पहिल्या रांगेत असते आणि मान मोडते. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर मास्क लावा. पुढचे दोन दिवस कोरे ठेवा.

सोबत ठेवायची कागदपत्रं : चालू औषधांची यादी, घरच्यांचा आणि डॉक्टरांचा नंबर, इंजेक्शन किंवा पंप बरोबर असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी, आणि असल्यास अपंगत्वाचं प्रमाणपत्र.

बरोबर येणाऱ्याला निघण्यापूर्वीच सांगून ठेवा, ‘मी मध्येच उठेन, तेव्हा समजूत घालायची नाही.’ हे ऐन वेळी सांगणं जमत नाही.

६. घरच्यांच्या प्रश्नाची तयारी

‘सिनेमा बघता येतो, मग काम का होत नाही?’ हा प्रश्न तुम्हाला कुणीतरी विचारणारच. नाही विचारला तर तुम्हीच स्वतःला विचाराल, आणि ते जास्त वाईट. मी कित्येक महिने पावलं वाजली की स्क्रीन बंद करत होते.

उत्तर साधं आहे. सिनेमा मी पडून, तुकड्यांत, हवा तेव्हा थांबवून बघते. काम तसं थांबवता येत नाही. एका जवळच्या माणसाला माझी आकड्यांची वही दाखवली, तेव्हा त्याला ते दोन मिनिटांत पटलं. आधी तासभर बोलून पटलं नव्हतं. तेव्हा वाद घालू नका, वही दाखवा.

७. सिनेमाकडून निसर्गाकडे : वेळ लांबवा, वेळ आवळा

धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच क्षणी जमिनीपासून सुटतात का, हे नुसत्या डोळ्यांना कळत नव्हतं. १८७८ साली कॅलिफोर्नियात छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीलगत बारा कॅमेरे ओळीने लावले आणि घोड्याच्या पायाने दोऱ्या ताणल्या की एकेक फोटो निघेल अशी व्यवस्था केली. पाय सुटतात, हे दिसलं. गंमत म्हणजे चित्रकार पुढे-मागे पाय फाकलेला हवेतला घोडा काढत आले होते, प्रत्यक्षात तो हवेत असतो तेव्हा पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. सिनेमाच्या जन्माच्या मागे असं एक निसर्गाचं कोडं आहे.

वेळ उलट दिशेने आवळताही येते, आणि ते तुम्ही पडल्यापडल्या करू शकता. दर मिनिटाला एक चौकट घेतली तर २४ तासांच्या १,४४० चौकटी होतात. सेकंदाला २४ च्या वेगाने त्या बरोबर ६० सेकंदांत संपतात. अख्खा दिवस एका मिनिटात! बहुतेक फोनच्या कॅमेऱ्यात टाइम-लॅप्सची सोय असते. फोन स्टँडला लावा, चार्जरला जोडा, फुलत आलेल्या कळीकडे किंवा खिडकीतल्या ढगांकडे रोखा आणि झोपा. चौकटीच्या मागे स्थिर काहीतरी असू द्या, भिंत किंवा गज, म्हणजे हालचाल कळते. पंख्याचा वारा कळीला लागू देऊ नका. माझ्या पहिल्या तीन चित्रफिती त्यामुळेच वाया गेल्या.

८. खिडकी : एक चौकट, एक प्रश्न

नवखी मंडळी पक्ष्या-झाडांची नावं पाठ करायला घेतात आणि कंटाळतात. नाव मागाहून येऊ द्या. आधी एक प्रश्न घ्या आणि आठवडाभर तोच धरा.

माझा आवडता प्रश्न लाजाळूचा. तिची पानं रात्री मिटतात, सकाळी उघडतात. उजेडामुळे का? १७२९ साली फ्रान्समध्ये जाँ-जाक द मेराँ या खगोलशास्त्रज्ञाने लाजाळू अंधारात ठेवून पाहिली. तरी पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटतच राहिली. सजीवांच्या आतल्या घड्याळाचा अभ्यास तिथून सुरू झाला, असं आज मानलं जातं. त्या वेळी छापलेल्या टिपणात मात्र एक वेगळी तुलना आहे : अंथरुणाला खिळलेल्या कितीतरी आजारी माणसांनाही दिवस-रात्रीतला फरक असाच कळतो, तसंच हे दिसतं. जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी शास्त्राच्या कागदावर कुणीतरी आपली आठवण काढली होती, हे वाचलं तेव्हा मी पडदे ओढलेल्या खोलीतच होते. कुंडी मिळाली तर हा प्रयोग करून पाहा. दोन-तीन दिवस पुरे, झाडाला जास्त छळू नका.

दुसरा प्रश्न चंद्राचा. उगवताना तो प्रचंड दिसतो, डोक्यावर आला की लहान. हात लांब करून करंगळी त्याच्यासमोर धरा. करंगळीची रुंदी साधारण एक अंश, चंद्र अर्धा अंश. दोन्ही वेळी तो करंगळीमागे सारखाच झाकला जातो, फुगतो तो आपल्या मनात. तो रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, तेव्हा आज खिडकीत कधी आला ते लिहा आणि उद्याची वेळ आधीच सांगून बघा.

तिसरा, खिडकीच्या कोपऱ्यातला कोळी. चक्राकार जाळं विणणारे बरेच कोळी जुनं जाळं खाऊन टाकतात आणि पुन्हा नवं विणतात, साधारण तासाभरात. संध्याकाळी दिसलं तर ते न हलता बघण्यासारखं दुसरं काही नाही. जाळं झाडून टाकू नका, असं घरात आधीच सांगा.

इथला सापळा म्हणजे ‘निसर्ग बरं करतो’ हे वाक्य. त्यासाठी रॉजर उल्रिच यांच्या १९८४ च्या अभ्यासाचा दाखला हमखास दिला जातो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, त्यांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि ते लवकर घरी गेले. अभ्यास खरा आहे. पण तो ४६ रुग्णांचा होता आणि तोही शस्त्रक्रियेनंतरच्या काही दिवसांपुरता. कोळी बघून माझे सांधे सुधारले नाहीत. औषध म्हणून बघायला लागलात की सुधारणा दिसेना झाल्यावर बघणंही सोडून द्याल.

९. भिंग कसं धरावं

बहुतेक जण भिंग वस्तूजवळ धरून लांबून बघतात. उलट करा : भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि वस्तू हळूहळू जवळ आणा. दहापट भिंगात ती अडीच सेंटिमीटरच्या आसपास आली की लख्ख दिसते. हात थरथरत असतील तर दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवून आधार द्या.

मिठाच्या कणांपासून सुरुवात करा, छोटे छोटे चौकोनी ठोकळे दिसतील. मग पानाच्या शिरा, पाखराचा गळलेला पंख, स्वतःच्या बाहीचं विणकाम.

प्रतिकारशक्ती कमी असेल तर बुरशी आलेली पानं, ओली माती आणि पक्ष्यांची विष्ठा यांपासून लांब राहा. पीस उचललंत तर हात धुवा. ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा एक आजार) असेल, किंवा उन्हाचा त्रास वाढवणारी औषधं चालू असतील, तर बाल्कनीतही ऊन टाळा. आणि भिंगातून किंवा दुर्बिणीतून सूर्याकडे कधीच बघू नका.

१०. खिडकीपर्यंतही जाता येत नाही तेव्हा

आवाज ऐका. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेचं मर्लिन हे मोफत अ‍ॅप आवाजावरून पक्षी सुचवतं. ते चुकतंही, म्हणून त्याचं उत्तर अंदाज समजा. पाणवठ्यांवर आणि घरट्यांवर लावलेले थेट कॅमेरे इंटरनेटवर चोवीस तास चालू असतात. त्यांत बहुतेक वेळ काहीच घडत नाही, आणि आजाऱ्याला तेच सोसतं.

थोडं बरं वाटलं की झूनिव्हर्स या वेबसाइटवर जा. तिथे शास्त्रज्ञांनी वर्गीकरणासाठी ठेवलेली छायाचित्रं असतात : रानातल्या आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची, आकाशगंगांची. शिक्षण किंवा अनुभवाची अट नाही. ज्या गॅलेक्सी झू प्रकल्पातून हे उभं राहिलं, तो २००७ साली सुरू झाला आणि त्याच वर्षी हॅनी फान आर्केल या डच शिक्षिकेला एका छायाचित्रात कुणालाच न ओळखता आलेला निळसर डाग दिसला. तो एका आकाशगंगेशेजारचा उजळलेला वायूचा प्रचंड ढग निघाला. पाच चित्रं पाहून थांबलात तरी चालतं, कामाचा हिशेब मागणारं कुणी नसतं. मी एकदा रोजचा आकडा ठरवून घेतला आणि आठवड्यात बोटं सुजवून घेतली. आकडा ठरवू नका.

११. वाईट दिवसाची पेटी चांगल्या दिवशी भरा

ज्या दिवशी खरी गरज असते, त्या दिवशी निवडण्याइतकंही बळ नसतं. ‘काय लावू?’ एवढा प्रश्नही जड होतो. म्हणून एक छोटी पेटी करा : हेडफोन, भिंग, मिठाची पुडी, वही, डोळ्यांवरची पट्टी, आणि एक चिठ्ठी. सिनेमे फोनवर आधीच उतरवून ठेवा. ऑफलाइन ठेवलेले सिनेमे काही दिवसांनी आपोआप नाहीसे होतात, म्हणून महिन्यातून एकदा तपासा.

चिठ्ठी तुमच्यासाठी नसून जो कुणी तुमच्याजवळ असेल त्याच्यासाठी आहे. माझ्या चिठ्ठीवर सध्या हे आहे :

पडदे अर्धे. दिवा मागचा.
चौदा वेळा पाहिलेला सिनेमा लाव, आवाज हळू. वीस मिनिटांनी बंद कर, मला विचारू नकोस.
नको म्हटलं तर पाणवठ्याचा कॅमेरा.
तेही नको म्हटलं तर लाजाळूची कुंडी उशाशी ठेव.
कोळ्याला हात लावू नकोस.

ती मी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे, म्हणजे पेटी उघडली की समोरच दिसते.